विश्लेषण : आणे घाटातला दगडी पूल कोणी बांधला? जुन्नरच्या अनोख्या खडकांमागचे विज्ञान काय, लोककथा काय?

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आणे घाटात एक पूल असा आहे, ज्याचे टेंडर कधी निघाले नाही, ज्यात सिमेंटची एक गोणी पडली नाही आणि ज्याच्या उद्घाटनाची पाटीही नाही. गुळुंचवाडीजवळच्या ओढ्यावरचा हा पूल अखंड काळ्या खडकाचा आहे. शेजारी मळगंगा देवीचे मंदिर आहे. भाविकांसाठी हे देवीचे ठिकाण आहे, तर भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी बेसॉल्ट खडकातल्या नैसर्गिक पुलाचा दुर्मीळ नमुना. मात्र हा पूल तयार कसा झाला, तो किती टिकेल आणि त्याला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची चर्चा फारशी होत नाही. जुन्नर तालुक्यातल्या आणि त्याच्या सीमेवरच्या अशा खडकांचा हा आढावा.

हा पूल नेमका कुठे आहे?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. तिथून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले की आधी बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेले बेल्हे लागते. पुढे गुळुंचवाडी, मग आणे घाट आणि घाट चढून गेल्यावर आणे गाव. रंगदास स्वामींचे समाधिस्थान आणि त्यांच्या पुण्यतिथीला शिजणारा आमटी-भाकरीचा महाप्रसाद यामुळे आणे हे नाव पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत माहीत आहे. गावाच्या पुढे काही अंतरावर पारनेर तालुका सुरू होतो.

नैसर्गिक पूल आहे तो घाटाच्या अलीकडे, मळगंगा देवीच्या मंदिराजवळच्या ओढ्यात. गाडीतून वेगाने जाणाऱ्याला तो सहज दिसत नाही. खाली उतरून पाहिले की दोन्ही काठांना जोडणारा खडकाचा जाड पट्टा नजरेस पडतो. पावसाळ्यात त्याच्या खालून ओढा वाहतो, उन्हाळ्यात खाली कोरडे दगडगोटे उरतात.

खडकाचा पूल तयार कसा होतो?

त्यासाठी आधी हा खडक कसा तयार झाला ते पाहावे लागेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर या थरांचे अवशेष आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्या-पायऱ्यांसारखे दिसतात ते याच थरांमुळे.

हे सगळे थर सारखे नाहीत. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर येतात, त्यामुळे थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. मधला भाग मात्र घट्ट, भरीव होतो. दोन थरांच्या मध्ये कधी लालसर मातीचा पातळ पट्टाही असतो. पाणी या सर्व भागांना एकाच वेगाने झिजवत नाही. भरीव भाग टिकतो, पोकळ्यांचा आणि मातकट भाग लवकर खचतो.

आता अशा खडकावरून वाहणाऱ्या ओढ्याची कल्पना करा. ओढा टणक थराच्या कडेवरून खाली उडी घेतो आणि पायथ्याचा मऊ भाग पोखरत जातो. त्याच वेळी वरच्या बाजूला खडकातल्या एखाद्या उभ्या भेगेतून थोडे पाणी आत झिरपत असते. वर्षानुवर्षे ती भेग रुंदावते. एक वेळ अशी येते की ओढ्याचे पाणी कडेवर पोहोचण्याआधीच त्या भेगेतून खाली उतरते आणि पोखरलेल्या पोकळीतून बाहेर पडते. मधे उरलेला टणक खडकाचा पट्टा म्हणजे पूल. नैसर्गिक पूल तयार होण्याचा हा एक ठळक मार्ग आहे.

मग राजगडावरचे ‘नेढे’ आणि हा पूल एकच का?

नाही. खडकाला आरपार पडलेले भोक ही दोन्हींतली समान गोष्ट असली, तरी कारागीर वेगळा आहे. वाहत्या पाण्याने खालून पोखरून तयार होतो तो नैसर्गिक पूल. राजगड किंवा रतनगडावरची नेढी डोंगराच्या माथ्यावर आहेत, तिथे ओढा नाही. ऊन, पाऊस आणि वारा यांनी खडकाचा कमकुवत भाग दोन्ही बाजूंनी झिजवत नेला आणि भोक पडले. सुईचे असते ते नेढे, म्हणून डोंगराचेही नेढे. गडावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दिलेले हे नाव इतके चपखल आहे की त्याला वेगळा पारिभाषिक शब्द शोधायची गरज पडत नाही.

मळगंगा देवीचा या खडकांशी काय संबंध?

गुळुंचवाडीच्या पुलाशेजारी मळगंगा आहे आणि शेजारच्या पारनेर तालुक्यात निघोजच्या प्रसिद्ध रांजणखळग्यांपाशीही मळगंगाच आहे. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात खडकाला शेकडो गोल, खोल खड्डे पडले आहेत. काही घागरीएवढे, काही विहिरीएवढे. एका काठावर अहिल्यानगर जिल्ह्यातले निघोज, दुसऱ्या काठावर पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी. लोक या जागेला ‘कुंड’ म्हणतात आणि काठावर देवीचे मंदिर आहे. यात्रेच्या वेळी निघोजच्या बारवेतून देवीची घागर वर येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या खड्ड्यांमागचे विज्ञान ओढ्याच्या पुलापेक्षा सोपे आहे. पुराचे पाणी खडकाच्या उंचसखल भागावरून जाताना भोवरे तयार होतात. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरत राहतो आणि जात्यासारखा खालचा खडक दळतो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. खड्डा खोल होत जातो. अनेक रांजणखळग्यांच्या तळाशी आजही गुळगुळीत गोटे सापडतात. ते खेळायला म्हणून उचलून नेले जातात, पण खरे तर ते या कारखान्याचे हत्यार आहे.

निघोजचे खळगे ‘आशियातील सर्वांत मोठे’ असल्याचा दावा अनेकदा वाचायला मिळतो. असे क्रमांक लांबी मोजली, खोली मोजली की संख्या, यावर बदलतात. त्यांचे महत्त्व त्या क्रमांकावर अवलंबून नाही. कुकडीवर येडगाव आणि माणिकडोह ही धरणे झाल्यापासून नदीचा पूर नियंत्रित झाला आहे. ज्या मोकळ्या पुरांनी हे खळगे दळले, ते पूर आता पूर्वीसारखे येत नाहीत. म्हणजे आज दिसते ते एका जुन्या, मोकळ्या नदीने ठेवलेले काम आहे.

दोन्ही ठिकाणी पाणी, विचित्र आकाराचा खडक आणि देवी एकत्र आहेत, हा योगायोग वाटत नाही. जिथे निसर्गाने काही तरी वेगळे केले आहे, तिथे लोकांनी देवाला जागा दिली. महाराष्ट्रभर हेच चित्र दिसते.

गावोगावी खडकांना गोष्टी का चिकटतात?

डोंगरात लेणे दिसले की ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिले’, ही गोष्ट राज्याच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात ऐकायला मिळते. या गोष्टीत एक निरीक्षण दडलेले आहे. सांगणाऱ्याला हे काम माणसाच्या ताकदीबाहेरचे वाटते आणि ते अपूर्ण आहे हेही त्याने नीट पाहिलेले असते.

जुन्नर तालुक्यात आणे पूर्वेच्या टोकाला आहे, तर नाणेघाट पश्चिमेच्या. सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याणकडून जुन्नरला येणारा माल या घाटाने चढायचा. इथल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरेने सांगतात. घाटाच्या डोक्यावर अंगठ्यासारखा वर आलेला कडा आहे, त्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. नाना आणि गुणा या दोघांत घाट कोण आधी बांधतो याची पैज लागली आणि नानाचा घाट आधी पूर्ण झाला, अशी एक कथा आहे. शेजारच्या जीवधन किल्ल्याला लागून उभा असलेला एकाकी सुळका ‘वानरलिंगी’ किंवा ‘खडा पारशी’ या नावाने गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहे.

या नावांचा व्यावहारिक उपयोगही होता. नकाशा, जीपीएस नव्हते तेव्हा तांड्यांना आणि गुराख्यांना वाट दाखवणारे हेच खांब होते. ‘अंगठ्याच्या डावीकडून’ असे सांगितले की चुकण्याची शक्यता कमी. गोष्ट लक्षात राहते म्हणून जागा लक्षात राहते.

दुसरा प्रकार देवाच्या दगडांचा. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण गावाकडचे निम्मे देव टाकी न लागलेलेच असतात. आकार नसलेल्या, शेंदूर लावलेल्या अशा पाषाणाला ‘तांदळा’ म्हणतात. शिवेवरचा म्हसोबा, बांधावरचा वेताळ, ओढ्याकाठच्या आसरा हे बहुतेक अशाच रूपात भेटतात. शेतातला इतर धोंडा उचलून बांधाला लागतो, हा मात्र जागेवरून हलत नाही.

लोककथा आणि विज्ञान एकमेकांच्या विरोधात आहेत का?

तसे मानायचे कारण नाही. दोन्हींची उत्तरे वेगळ्या प्रश्नांना आहेत. पूल कसा तयार झाला, हे भूविज्ञान सांगते. त्याला हात का लावायचा नाही, हे गोष्ट सांगते.

झाडांच्या बाबतीत हे आपण मान्य केले आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या रानात असे वृक्ष आणि वेली टिकून राहिल्या, ज्या बाहेर संपल्या होत्या, हे त्यातून पुढे आले. भीमाशंकर परिसरातही अशा राया आहेत. आता देवराई हा पर्यावरणाच्या चर्चेतला रुळलेला शब्द आहे. देवाच्या नावाने राखलेल्या खडकासाठी मात्र असा शब्दही नाही.

मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या खडकाचा सुमारे २०० फूट उंच खांबांचा कडा आहे. हा स्तंभाकृती बेसॉल्ट. त्याच्या भोवतीचा दगड खाणीने खाल्ला, इमारती पायथ्याला येऊन भिडल्या. माथ्यावर गावदेवीचे मंदिर असलेला भाग उभा राहिला. महापालिकेने २००७ मध्ये त्याला वारसा दर्जा दिला, पण देवी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती.

गावकऱ्यांना खडकाचे किती कळते?

पुष्कळ. विहीर खणणाऱ्या माणसाकडे खडकाची स्वतःची वर्गवारी असते. टणक, भरीव तो काळा पाषाण. पोकळ्या आणि त्यात पांढरे दाणे असलेला तो मांजऱ्या. कुजून भुसभुशीत झालेला तो मुरूम. पोकळ्यांत चमकणारे पांढरे स्फटिक सापडले की ती गारगोटी. हे स्फटिक म्हणजे अनेकदा झिओलाइट गटातली खनिजे. लाव्हातल्या पोकळ्यांत मागाहून गरम पाणी शिरले आणि त्यातून ती साचत गेली.

ही वर्गवारी आणे पठारावर थेट पाण्याशी जोडलेली आहे. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडतो. पूर्वेकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. आणे पठार पर्जन्यछायेत येते. त्यात जमीन उंचावर, माती पातळ आणि खाली खडक. भरीव काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते ते भेगांत, कुजलेल्या भागात आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे एका शेतात विहिरीला पाणी आणि शेजारच्या शेतात तितक्याच खोलीवर कोरडा दगड, असे घडते. याला गावात नशीब म्हणतात. त्या नशिबाचा मोठा भाग खडकाच्या थरांत लिहिलेला असतो.

ज्या गुणधर्माने घाटात पूल घडवला, म्हणजे टणक थराखाली मऊ थर आणि मधे भेगा, तोच गुणधर्म पठारावर कोणाला पाणी मिळणार हे ठरवतो. म्हणून हा पूल म्हणजे पर्यटकांसाठी सेल्फीची जागा एवढेच नाही. शाळेतल्या मुलांना आपल्या गावाच्या विहिरीचे गणित समजावून सांगणारे, उघड्यावर ठेवलेले ते मॉडेल आहे.

बोरीची राख या यादीत का येते?

कारण हरवलेल्या खडकाची किंमत किती असते, हे बोरी सांगते. जुन्नर तालुक्यातच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीकाठच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही. मग राख आली कुठून? रासायनिक तपासणीतून बोट दाखवले गेले इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीकडे. तिथून इथवरचे अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे.

या थराच्या सोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडल्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९८० च्या दशकापासून इथे काम केले. राखेचे वय कळले, तर हत्यारांचे वय कळणार होते. सुरुवातीच्या मोजणीत ते सुमारे १४ लाख वर्षे आले. नंतरच्या एका मोजणीत सुमारे ६ लाख ७० हजार. काही संशोधकांनी ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची असल्याचे मांडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या उद्रेकाची असल्याचा निष्कर्ष काढला.

एकाच राखेची इतकी वेगवेगळी वये निघणे म्हणजे विज्ञान फसले, असा अर्थ होत नाही. मोजणीची तंत्रे सुधारतात तसे उत्तर बदलते. पण पुन्हा मोजायला जागेवर थर शिल्लक असावा लागतो. गाळ उपसला, काठ सपाट केला, की या भागात माणूस केव्हापासून राहत होता, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा साक्षीदार कायमचा जातो. राखेला ना शेंदूर, ना यात्रा. तिला राखण करायला कोणतीही गोष्ट नाही.

अशा ठिकाणांना कायद्याचे संरक्षण आहे का?

जुन्नरच्या वारशाला कागदावर मान्यता कमी नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी हा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक ठरला. परिसरातल्या २०० हून अधिक लेण्यांमधली प्रमुख लेणी पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत. पण हे सगळे संरक्षण माणसाने केलेल्या कामाला आहे. ज्या खडकात लेणी कोरली आणि ज्यावर किल्ला उभा राहिला, त्या खडकाच्या स्वतःच्या करामतींसाठी तशी तरतूद नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही ठिकाणांना ‘राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक’ म्हणून घोषित करते. महाराष्ट्रातले त्यातले ठळक नाव म्हणजे लोणार सरोवर. मात्र या दर्जामागे पुरातत्त्व कायद्यासारखे दंडाचे बळ नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला होता. स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

युनेस्कोच्या यादीत जगभरात २०० हून अधिक ‘जागतिक जिओपार्क’ आहेत. भारतात एकही नाही. एक आशेची बाब म्हणजे २०२५ मध्ये भारताने जागतिक वारसा संभाव्य यादीत पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनी लाव्हाथर आणि तिरुमला टेकड्यांसह सात नैसर्गिक ठिकाणांची भर घातली.

तिरुमलाचे उदाहरण इथे का महत्त्वाचे?

कारण तिथेही एक नैसर्गिक कमान आहे. तिरुपती बालाजीच्या मंदिरापासून जवळच ‘शिलातोरणम्’ नावाची क्वार्टझाइट खडकाची सुमारे ८ मीटर रुंद कमान आहे. ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, भोवती उद्यान आहे आणि भाविकही तिला व्यंकटेश्वराशी जोडतात. श्रद्धेची गोष्ट आणि विज्ञानाची माहिती एकाच आवारात नांदते.

अमेरिकेच्या उटा राज्यातल्या ‘रेनबो ब्रिज’ या महाकाय नैसर्गिक पुलाला १९१० मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. नवाहो आणि इतर आदिवासी समाजांसाठी ती पवित्र जागा आहे. म्हणून तिथले उद्यान प्रशासन पर्यटकांना पुलाखालून न जाण्याची विनंती करते. लोकांची श्रद्धा हीच तिथे जतनाच्या नियमाचा आधार झाली.

खडक लाखो वर्षे टिकला, आता त्याला कसला धोका?

नैसर्गिक पूल घडवणारी झीज त्याला पाडतेही. माल्टा देशातली ‘अझूर विंडो’ ही समुद्रातली दगडी कमान चित्रपट आणि मालिकांमुळे जगप्रसिद्ध होती. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली, संपूर्ण. झीज थांबवता येत नाही. आपण तिचा वेग वाढवायचा नाही, एवढे मात्र हातात असते.

वेग वाढतो तो अनेकदा चांगल्या हेतूने. रस्ता रुंद करताना जवळपास सुरुंग लावले की आधीच असलेल्या भेगा उघडतात. भाविकांच्या सोयीसाठी खडकात छिद्रे पाडून रेलिंग बसवले जाते, काँक्रीटचा चौथरा ओतला जातो. त्यामुळे वजन वाढते आणि पावसाच्या पाण्याची वाटही बदलते. वरच्या बाजूचा ओढा वळवला, अडवला किंवा गाळाने भरला तर पुलाखालचा प्रवाह बदलतो. ऑइलपेंटने नावे लिहिणे, हातोडीने स्फटिक काढणे, रांजणखळग्यांतले गोटे घरी नेणे हे तर रोजचेच.

पूर्वी देवीच्या धाकाने लोक खडकाला हात लावत नव्हते. आता देवीच्याच नावाने होणाऱ्या सुशोभीकरणात खडक झाकला जाण्याची भीती आहे. जुन्या गोष्टीने जे राखले, ते नव्या उत्साहात जाऊ नये, ही खरी अडचण आहे.

मग करता येण्यासारखे काय आहे?

कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ग्रामसभा आपल्या हद्दीतल्या अशा जागांची नोंद ठरावाने करू शकते. जैवविविधता नोंदवहीत गावे झाडे-प्राण्यांची नोंद करतात, तशीच खडक, झरे, कुंड आणि त्यांच्या कथांची वही ठेवता येते. जवळच्या महाविद्यालयांचे भूगोल विभाग पुलाची मापे आणि दरवर्षी एकाच जागेवरून फोटो घेऊ शकतात. भेग किती रुंदावली, हे कळायला त्याहून महाग यंत्रणा लागत नाही. बांधकामाआधी भूवैज्ञानिकाचा सल्ला घेणे, पुलावर नवे वजन न टाकणे आणि मराठीत एक साधी माहितीपाटी लावणे, ही कामे ग्रामपंचायत आणि मंदिर समितीच्या आवाक्यातली आहेत.

त्याहून तातडीचे काम कथांचे आहे. गुळुंचवाडी, आणे, निघोज, नाणेघाट इथल्या दगडांच्या गोष्टी सांगणारी पिढी वयाने थकली आहे. खडकाचा नमुना प्रयोगशाळेत ठेवता येतो, गोष्ट मात्र सांगणाऱ्यासोबत जाते. आजी-आजोबांकडून ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यायला दहा मिनिटे लागतात.

पाहायला जाणार असाल तर...

- पावसाळ्यात पुलावर कडेला उभे राहू नका. शेवाळलेला बेसॉल्ट कमालीचा निसरडा असतो. ओढ्याला पाणी असताना पुलाखाली उतरणेही टाळा.
- रांजणखळग्यांत पोहायला उतरू नका. वरून लहान दिसणारा खळगा आत रुंद आणि खोल असू शकतो, भिंती गुळगुळीत असल्याने वर येता येत नाही.
- गोटे, गारगोट्या, राखेचे नमुने सोबत आणू नका.
- मंदिर परिसरातले नियम पाळा, वाहने महामार्गाच्या वळणावर उभी करू नका.
- आणि तिथे भेटणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, ‘हा पूल कोणी बांधला?’ उत्तर ऐकून घ्या. त्यानंतर खाली वाकून खडकाचे दोन थर आणि त्यांच्यामधला सांधाही पाहून या.